आधीच गोठवलेले उंदीर: 1993 ची हंताव्हायरसची साथ आणि न्यू मेक्सिकोतला संग्रह

मे 1993. अमेरिकेच्या नैऋत्येला न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं जिथे एकत्र येतात, त्या फोर कॉर्नर्स भागात धडधाकट तरुण माणसं काही दिवसांच्या तापाने दगावू लागली. सुरुवातीला फ्लूसारखी अंगदुखी, आणि मग काही तासांत फुप्फुसं पाण्याने भरून श्वास बंद. सर्वात आधी लक्षात आलेल्या मृत्यूंपैकी एक नवाहो या मूळनिवासी अमेरिकी समाजातल्या तरुण धावपटूचा होता. त्याचं लग्न ठरलेली मुलगी काही दिवस आधी तशीच गेली होती. जूनच्या सुरुवातीला सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने रुग्णांच्या रक्ताच्या तपासणीवरून निदान केलं: हंताव्हायरस. हे विषाणू तोवर आशिया आणि युरोपातल्या, मूत्रपिंडावर परिणाम करणाऱ्या तापासाठी माहीत होते. थेट फुप्फुसांवर घाला घालणारा हंताव्हायरस कुणी पाहिला नव्हता.

तिथून तीन प्रश्न उभे राहिले. कोणत्या प्राण्यातून आला? याच वर्षी का? आणि हा नव्यानेच उपटला, की इथेच होता आणि कुणाला दिसला नव्हता?

पहिल्याचं उत्तर त्याच उन्हाळ्यात मिळालं. रुग्णांच्या घरांभोवती सापळे लावून सतराशेच्या आसपास लहान सस्तन प्राणी पकडले गेले. त्यांत डिअर माऊस ही जात सर्वात जास्त होती, आणि तिच्यातल्या सुमारे 30 टक्के उंदरांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. उरलेल्या दोन प्रश्नांची गोष्ट वेगळी होती. साथ सुरू झाल्यानंतर गोळा केलेल्या कुठल्याही नमुन्यातून त्यांची उत्तरं मिळणं शक्य नव्हतं. साथीच्या आधी उंदीर किती होते, आणि साथीच्या आधीच्या उंदरात विषाणू होता का, हे सांगायला साथीच्या आधीचेच आकडे आणि आधीचेच उंदीर लागतात.

दोन्ही अल्बुकर्कीत न्यू मेक्सिको विद्यापीठाकडे होते.

हा संग्रह कशासाठी उभा राहिला होता

टेरी येट्स 1978 मध्ये या विद्यापीठात आले. त्यांचा विषय होता उत्तर अमेरिकेतले मोल, म्हणजे जमिनीखाली बोगदे करून राहणारे कीटकभक्षी, आणि त्यांचं वर्गीकरण. विद्यापीठाच्या म्युझियम ऑफ साउथवेस्टर्न बायॉलॉजीत सस्तन प्राण्यांचा संग्रह त्यांच्याकडे आला. त्या काळात वर्गीकरणाची दोन नवी साधनं जोरात होती. एक गुणसूत्रांची मांडणी, दुसरं स्टार्च जेलवर विकरं (एन्झाइम) धाववून जातींमधले फरक पाहणं. विकरांच्या तपासणीत विकर जिवंत, म्हणजे काम करण्याजोगं राहावं लागतं. त्यासाठी काळीज, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे प्राणी मेल्यावर लगेच गोठवायलाच हवेत. या संग्रहातल्या ऊतींच्या कुप्यांवर आजही एनके ही अक्षरं आणि क्रमांक असतो. एनके म्हणजे न्यू मेक्सिको कॅरिओटाइप, म्हणजेच गुणसूत्रांच्या कामातली नोंद. विषाणू त्यात कुठेच नव्हता.

ही बाब या प्रकरणाच्या मुळाशी आहे. फ्रीझर भरले गेले ते वर्गीकरणासाठी. पण भरताना येट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्राण्यातून एकच गोष्ट घेतली नाही. कातडी, कवटी, हाडं, गुणसूत्रांच्या स्लाइड्स, अनेक अवयवांच्या ऊती, परजीवी हे सगळं घेतलं, आणि एकाच क्रमांकाने बांधून ठेवलं. तेव्हा याला वेळ, पैसा आणि जागा जास्त लागत होती आणि तात्काळ फायदा काही दिसत नव्हता. संग्रहपालाच्या कारकिर्दीतला सर्वात अवघड निर्णय हाच असतो: आज कुणी न मागितलेल्या गोष्टीवर आज खर्च करायचा. पुढे येट्स विद्यापीठात संशोधनाचे उपाध्यक्ष झाले, 2007 मध्ये त्यांचं निधन झालं. पण त्यांचं खरं मोठं काम त्या कुप्यांमध्ये आहे.

याच वर्षी का: सेव्हियेटाचे सापळे

अल्बुकर्कीच्या दक्षिणेला सेव्हियेटा नावाचं राखीव वन्यजीव क्षेत्र आहे. तिथे 1988 पासून दीर्घकालीन परिसंस्था संशोधनाचं केंद्र चालतं. रॉबर्ट पार्मेंटर आणि त्यांचे सहकारी 1989 पासून तिथे ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने उंदीर मोजत होते. पद्धत नीट पाहण्याजोगी आहे.

सापळे कोळ्याच्या जाळ्यासारखे लावतात. मध्यापासून 12 रेषा निघतात. प्रत्येक रेषेवर 12 सापळे: पहिले चार 5 मीटरच्या अंतराने, पुढचे आठ 10 मीटरच्या अंतराने, म्हणजे शेवटचा सापळा मध्यापासून 100 मीटरवर. मध्यभागी आणखी चार. एका जाळ्यात एकूण 148, आणि तीन रात्रींच्या 444 सापळा-रात्री. चौकोनी आखणीपेक्षा याचा फायदा असा, की मध्याकडे सापळे दाट असतात, त्यामुळे तिथला जवळजवळ प्रत्येक प्राणी सापडतो असं धरता येतं. बाहेर जाताना पकड किती घटते यावरून हेक्टरी संख्या काढता येते. चौकोनात नुसती ‘इतके सापडले’ ही मोजणी मिळते. बाहेरून किती आले, हे त्यातून कळत नाही.

सापळा शेरमन पद्धतीचा: घडीचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, साधारण 8 × 9 × 23 सेंटीमीटर. आमिष ओटचे दाणे, त्याला पीनट बटर. बिघडतं ते बारीक गोष्टींत. आतली पट्टी जड बसली तर 20 ग्रॅमचा उंदीर तिच्यावरून जाऊन आमिष खाऊन परततो आणि दार पडत नाही. म्हणून प्रत्येक सापळा लावण्याआधी बोटाच्या हलक्या स्पर्शाने तपासायचा. वाळवंटातल्या थंड रात्री आत पॉलिएस्टरचा बोळा नसेल, तर सकाळी उंदीर गारठून मेलेला सापडतो. उन्हाळ्यात उलट: सूर्य वर येण्याआधी फेरी पुरी झाली नाही, तर पत्र्याचा डबा तापून प्राणी आत होरपळतो. मुंग्या आमिष नेतात, आणि रिकामा सापळा ‘उंदीर नाही’ अशी नोंद देऊन जातो. म्हणून बंद पडलेले, आमिष गेलेले, उलटलेले सापळे रोज वेगळे लिहायचे आणि सापळा-रात्रींतून वजा करायचे.

जाळ्यातला उंदीर मारायचा नाही. वजन, लिंग, प्रजननाची अवस्था नोंदवून, खूण करून तिथेच सोडायचा, नाहीतर पुढच्या हंगामातली संख्या आपल्याच हाताने बदलते. संग्रहासाठी लागणारे प्राणी दुसऱ्या जागेवरून घ्यायचे. संग्रह आणि मोजणी ही दोन कामं शेजारी शेजारी चालावीत, पण एकाच जमिनीवर नकोत. हे न पाळल्याने निकामी झालेल्या नोंदींची वर्षं कुठल्याही गणिताने परत मिळत नाहीत.

या नोंदींनी काय दाखवलं? 1991-92 च्या एल निनोमुळे नैऋत्येतला दुष्काळ संपला. हिवाळा सौम्य आणि ओला गेला, गवत-झुडपं वाढली, बिया आणि कीटक मुबलक झाले. मे 1993 मध्ये या भागात डिअर माऊसची संख्या मे 1992 च्या जवळपास दहापट होती. उंदीर वाढले, घरांत आणि गोदामांत शिरले; वाळलेल्या मूत्र-विष्ठेची धूळ माणसांच्या श्वासात गेली. पावसापासून माणसापर्यंत पोचायला या साखळीला एक ते दोन वर्षं लागतात. नवाहो वडीलधाऱ्यांनी तपासनिसांना सांगितलं होतं, की पिन्यॉन पाइनचं पीक भरघोस येतं त्या वर्षी उंदीर वाढतात आणि आजार येतो. उंदराला घरापासून, अन्नापासून, कपड्यांपासून दूर ठेवावं, हा त्यांच्यातला जुना नियम. वैज्ञानिकांच्या आकड्यांनी याला दुजोरा दिला. या साथीच्या इतिहासात या ज्ञानाला तळटीपेपेक्षा मोठी जागा हवी. त्या दिवसांत बाहेरच्यांनी आजाराला ‘नवाहो फ्लू’ म्हटलं आणि त्या समाजाच्या माणसांना हिणवलं गेलं, हे लक्षात घेतलं तर ते आणखीच पटतं.

एक सावधगिरी मात्र. उंदीर जास्त म्हणजे लगेच विषाणू जास्त, असं होत नाही. संख्या झपाट्याने वाढते तेव्हा कळपात बहुतेक पिल्लं असतात, आणि आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे त्यांतली अनेक काही काळ सुरक्षित राहतात. विषाणू मुख्यतः मोठ्या नरांच्या झटापटीत, चाव्यांतून फिरतो. म्हणून संसर्गाचं प्रमाण संख्येच्या शिखरानंतर चढतं. एका मोसमात एकदा सापळे लावून ‘फक्त 5 टक्के बाधित, धोका नाही’ असा निष्कर्ष काढणारा म्हणूनच फसतो. 1997-98 च्या एल निनोनंतर ही साखळी पुन्हा तपासता आली, ती मधल्या वर्षांत, एकही रुग्ण नसताना, सापळे लागत राहिले म्हणून.

नवा की जुना: कुपीतलं उत्तर

साथीच्या काळात अफवा पसरल्या. गॅलपजवळ फोर्ट विंगेट हे लष्करी कोठार होतं. तिथून जैविक अस्त्र निसटलं, असं लोक बोलत होते. अशा अफवेला नुसत्या विधानाने उत्तर देता येत नाही.

साथीच्या आधी गोठवलेल्या उंदरांच्या ऊतींतून आरएनए (या विषाणूचं जनुकीय द्रव्य त्याचंच असतं) काढून तपासलं, तेव्हा विषाणू त्यांतही सापडला. कॅलिफोर्नियात दशकभर आधी पकडलेल्या डिअर माऊसच्या जपलेल्या ऊतींतूनही तसाच पुरावा आला. पुढच्या वर्षांत उंदरांच्या जाती आणि त्यांचे हंताव्हायरस यांच्या वंशावळी शेजारी ठेवल्यावर दिसलं, की हे नातं फार जुनं आहे. विषाणू प्रयोगशाळेतून आला नव्हता, तो उंदरांबरोबर या खंडात कधीचाच होता. नोव्हेंबर 1993 मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आलं. जागेच्या नावावरून सुचवलेल्या नावांना स्थानिकांनी हरकत घेतली आणि अखेर सिन नोम्ब्रे हे नाव राहिलं.

हे जमलं ते ऊती कशा ठेवल्या होत्या त्यामुळे. तपशील पाहू.

प्राणी मेल्यानंतर मिनिटं मोजायची असतात. पेशींतली विकरं आरएनए तोडू लागतात, आणि प्लीहा-स्वादुपिंडात तर फार वेगाने. आधी वजन-मापं करून नंतर सावकाश ऊती, हा क्रम डीएनएसाठी चालून जातो, आरएनएसाठी नाही. फुप्फुसाचा तुकडा घ्यायलाच हवा, कारण डिअर माऊसमध्ये हा विषाणू तिथे चांगला सापडतो. विकरांवर काम करणाऱ्यांना फुप्फुसाची गरज नव्हती. ज्यांनी तेही घेतलं, त्यांचे नमुने कामाला आले. तुकडा छोटा हवा, म्हणजे आतपर्यंत लगेच गोठतो. प्रत्येक अवयव वेगळ्या 2 मिलीलीटरच्या कुपीत, कुपी पाऊणच भरायची, आणि थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये. कात्री-चिमटा दोन प्राण्यांच्या मध्ये 10 टक्के ब्लीच, मग पाणी, मग अल्कोहोल यांतून काढायचा. हे टाळलं तर एका बाधित उंदराचा आरएनए पुढच्या पाच निरोगी उंदरांत ‘सापडतो’, आणि तो गोंधळ वर्षांनंतर कुणालाच सोडवता येत नाही.

साठवणीत मोठा शत्रू तापमानाचा चढ-उतार. उणे 80 अंशांचा यांत्रिक फ्रीझर वीज गेली की काही तासांत चढू लागतो, आणि कॉम्प्रेसर कधी ना कधी जातोच. नायट्रोजनच्या टाक्यांना वीज लागत नाही, पण वेळेवर भरणा लागतो आणि खोलीत ऑक्सिजन मोजणारा गजर लागतो. वायू गळला तर माणूस न कळता बेशुद्ध पडतो. कुप्या द्रवात बुडवण्याऐवजी द्रवाच्या वर, वाफेत ठेवणं चांगलं. द्रव झाकणातून आत शिरला तर कुपी बाहेर काढताना फुटते. नमुना मागितला तर अख्खी कुपी वितळवायची नाही. कोरड्या बर्फावर थंड केलेल्या पृष्ठावर 25 मिलीग्रॅमचा कपचा काढायचा आणि कुपी लगेच परत.

ऊतीइतकंच महत्त्व उरलेल्या प्राण्याला. न्यू मेक्सिकोत डिअर माऊससारखे दिसणारे पेरोमिस्कस वंशातले उंदीर बरेच आहेत. लेबलवर मापांची ठरलेली ओळ असते: एकूण लांबी, शेपूट, मागचा पाय, कान, आणि शेवटी वजन. उदाहरणार्थ 152-66-20-17, 18 ग्रॅम. हीच ओळ 185-92-23-25 अशी असती, तर जाणकाराची नजर कानावर अडकते. कान पायापेक्षा लांब, म्हणजे हा बहुधा पिन्यॉन माऊस. शंका आली तर कवटी काढून बघता येते, कारण कवटी त्याच क्रमांकावर कपाटात आहे. फक्त कुपी असती तर शंका कायम राहिली असती. याचा प्रत्यय 2019 मध्ये आला. डिअर माऊस या एका जातीच्या अनेक जाती केल्या गेल्या, आणि पश्चिमेकडच्या उंदरांना पेरोमिस्कस सोनोरिएन्सिस हे नाव मिळालं. 1993 च्या साऱ्या लेखनातलं नाव त्या भागापुरतं जुनं ठरलं. ज्या नमुन्यांमागे देह, जागा आणि क्रमांक आहे, त्यांची नोंद दुरुस्त झाली. ज्या शोधलेखांत फक्त ‘डिअर माऊस, नैऋत्य अमेरिका’ एवढंच लिहिलं आणि संग्रहाचा क्रमांक दिला नाही, त्यांच्या नोंदी आता तपासता येत नाहीत. रोगतज्ज्ञांच्या कामात ही चूक अजून सर्रास दिसते, आणि ती टाळायला एका ओळीपेक्षा जास्त काही लागत नाही.

साथीनंतर संग्रहाच्या कामात काय बदललं

1993 आधी उंदीर उघड्या हातांनी, तंबूतल्या टेबलावर सोलले जात. त्यानंतर नियम आले. पकडलेला सापळा न उघडता दुहेरी प्लास्टिक पिशवीत. काम मोकळ्या हवेत, वारा पाठीवर घेऊन. हातमोजे, अंगरखा, बारीक कण अडवणारा श्वसनमुखवटा. उपकरणं आणि सापळे जंतुनाशकात. त्यामुळे दिवसाला होणारे प्राणी घटले, खर्च वाढला. काही जणांनी म्हणून फुप्फुस-रक्त घेणं सोडून फक्त कातडी-कवटी घ्यायला सुरुवात केली, हे मात्र उलट दिशेचं पाऊल होतं.

संग्रह वापरणारेही बदलले. विषाणूतज्ज्ञांनी जुन्या कुप्या चिचुंद्र्या आणि मोल यांच्यासाठी, म्हणजे उंदीर नसलेल्या कीटकभक्षींसाठी, उघडल्या. न्यू मेक्सिकोतल्या सोरेक्स चिचुंद्रीतून जेमेझ स्प्रिंग्ज नावाचा हंताव्हायरस अशाच जपलेल्या ऊतीतून बाहेर आला. हंताव्हायरस म्हणजे उंदरांचा विषाणू, ही समजूत त्यानंतर टिकली नाही. खरं तर ती आधीच डळमळायला हवी होती. 1964 मध्ये वेल्लोरला आपल्या घरातल्या चिचुंद्रीतून, सुंकस म्युरिनसमधून, एक विषाणू मिळाला होता; त्याला थोट्टपालयम म्हणतात. तो हंताव्हायरस आहे हे नंतर ओळखलं गेलं, पण मिळाला तो कोरियात हंतान नदीच्या नावाचा विषाणू सापडण्याच्याही बऱ्याच आधी.

दोडामार्गचा प्रश्न याच जातीचा

महाराष्ट्रात हीच रीत वापरून पाहण्याजोगा प्रश्न समोर आहे. क्यासनूर जंगल ताप, म्हणजे माकडताप, 1957 मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे पहिल्यांदा ओळखला गेला. गोव्यात सत्तरी तालुक्यात 2015 मध्ये आणि सिंधुदुर्गात दोडामार्गला 2016 मध्ये त्याचे रुग्ण ठळकपणे दिसले. गोचिडांमार्फत फिरणाऱ्या या विषाणूच्या साखळीत जंगलातले उंदीर आणि चिचुंद्र्याही असतात. तो दोडामार्गात सरकत आला की आधीपासून झाडीत होता, हे ठरवायला दोडामार्गातलेच 2016 आधीचे लहान सस्तन प्राणी लागतील, तेही ऊतींसकट.

आपल्याकडे जुने नमुने आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये सुरू केलेल्या सस्तन प्राणी सर्वेक्षणाचा पहिला अहवाल खानदेशचाच होता. त्या काळच्या वाळलेल्या कातड्यांतून, पंजाच्या तळाच्या कातडीच्या बारीक तुकड्यातून, डीएनए मिळू शकतो, आणि जाती व पसारा यांच्यासाठी तो मोलाचा. पण माकडतापाचा विषाणू आरएनएचा. वाळवलेल्या कातडीतून त्याची आशा नाही, आणि फॉर्मॅलिनमध्ये बुडालेल्या देहातून फारच थोडी.

म्हणून आज सिंधुदुर्गात कुणी सापळे लावणार असेल, कारण काहीही असो, शेतीतलं नुकसान, साप-घुबडांचं भक्ष्य किंवा नुसती जातींची यादी, तर वनखात्याची परवानगी घेतानाच ऊतींचा समावेश अर्जात करावा. प्रत्येक प्राण्याच्या फुप्फुस, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड आणि मेंदूच्या दोन-दोन कुप्या घ्याव्यात. एक तशीच गोठवायची. ती उघडण्याची जागा उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा, जशी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आहे. दुसरी विषाणू निष्क्रिय करून आरएनए टिकवणाऱ्या द्रवात, ट्रायझॉलसारख्या. ती साध्या प्रयोगशाळेतही हाताळता येते आणि जंगलात नायट्रोजन संपला तरी काही काळ तग धरते. अंगावरच्या गोचिडी त्याच क्रमांकाने वेगळ्या कुपीत. कवटी आणि कातडी त्याच क्रमांकाने सार्वजनिक संग्रहात. कुपीवर शाईऐवजी गोठणं सोसणारं छापील लेबल, आणि तोच क्रमांक पेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठीवर पिशवीत वेगळा. मार्करची अक्षरं अल्कोहोलचा एक थेंब लागला तरी पुसली जातात.